शेठनं खोक्यात हात घातला

माझ्या याडीची कांचळी शेठनं कशी नेली ते आधी सांगते, म्हणजे पुढं मी जे केलं त्याबद्दल कुणी मला नावं ठेवणार नाही. ठेवली तरी हरकत नाही. आमच्या तांड्यात मला फाटक्या तोंडाची म्हणतातच, आणि ते खोटं नाही.

याडी म्हणजे माझी आई. तिनं लग्नात घातलेली कांचळी, म्हणजे आमच्या बायकांची पाठीला नाड्या बांधायची चोळी, ट्रंकेत तळाशी होती. पुढून सगळी भिंगांनी आणि कवड्यांनी भरलेली. टाके इतके बारीक की आता ते घालणारं कुणी उरलं नाही. शेठ जुनं भरतकाम गोळा करत तांड्या-तांड्यातून फिरतो. पूर्वी तो बैलबाजारात दलाल होता. बैल कमी झाले, तसा तो आमच्या ट्रंकांकडे वळला. त्यानं आमच्या ओट्यावर कांचळी पसरली, मुद्दाम सावलीत, आणि मोबाइलवर फोटो काढला. फोटोत ती चुलीजवळच्या फडक्यासारखी दिसत होती.

"बघा आजी," तो म्हणाला, "असं दिसून राहिलं. शहरातली माणसं फोटो बघून घेतात. याला कोन हात लावंल?"

याडीनं चष्मा वर करून फोटो पाहिला. स्वतःच्याच लग्नातल्या चोळीची तिला लाज वाटली, आणि तो देईल त्यात तिनं ती देऊन टाकली. मी तेव्हा घरी नव्हते. असते तर शेठ ओट्यावरून उतरला असता की नाही, सांगता येत नाही.

पुढं तीच कांचळी मी एका पाहुणीच्या मोबाइलवर पाहिली. मागं दुधासारखं पांढरं, लाल रंग ओल्या कुंकवासारखा, प्रत्येक भिंग जागच्या जागी चमकतंय. खाली किंमत. ती मी इथं लिहीत नाही.

त्या दिवशी मला कळलं की शेठचा धंदा कापडाचा नाहीच, उजेडाचा आहे. घेताना अंधारात फोटो, विकताना उजेडात.

मी काही शिकून मोठी झालेली नाही. औंढ्याला देवळाच्या वाटेवर प्लास्टिकचा कागद अंथरून मी भिंगांच्या पिशव्या विकायला सुरुवात केली. आता कनेरगाव नाक्यावर ढाब्यांच्या रांगेत माझं पत्र्याचं दुकान आहे. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही, गिऱ्हाइकांनी शिकवलं. तेव्हा हा उजेडही शिकायचा ठरवला आणि हिंगोलीला एका फोटो स्टुडिओत गेले. पिशव्यांचे फोटो काढायचे आहेत म्हटल्यावर मालकानं चहा मागवला. चहा संपेपर्यंत मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं: खोकं असतं, त्याच्या भिंती पांढऱ्या कापडाच्या असतात, दिवे बाहेरून लावायचे, उजेड कापडातून गाळून आत येतो, म्हणून सावली कडक पडत नाही.

"मग ताई, कधी आणता माल?" त्यानं विचारलं.

"बघते," मी म्हटलं आणि उठले. चहा मात्र चांगला होता.

खोकं मिळवलं विजेच्या सामानाच्या दुकानातून. तो दुकानदार रिकाम्या खोक्याचे पैसे मागायला लागला. मी म्हटलं, "दिवे तुमच्याकडून घेऊन राहिले ना? का समोरच्या दुकानात जाऊ?" खोकं फुकट मिळालं, वर ते त्यानंच जीपपर्यंत उचलून आणलं.

घरी आल्यावर मी खोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर चौकोनी खिडक्या कापल्या. त्यांना पांढरं कापड हवं होतं. सासऱ्यांचं धोतर दोरीवर वाळत होतं. ते गाईनं खाल्लं असं त्यांना अजून वाटतं, आणि त्या गाईला त्यांनी चार दिवस शिव्या दिल्या. आत पांढरा पुठ्ठा न दुमडता नुसता वाकवून बसवला, म्हणजे जमीन कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते ते कळत नाही. पहिल्या दिवशी एका बाजूला घरातला जुना पिवळा दिवा लावला आणि दुसऱ्या बाजूला नवा पांढरा. फोटोतल्या पिशवीला अर्ध्या अंगाला कावीळ झाली. मग दोन्ही दिवे एकसारखे लावले, दार लोटून खोलीत अंधार केला, आणि काय सांगू! माझीच पिशवी मला ओळखू येईना.

लगेच फोटो पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंना पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा फोन.

"ताई, पिशवी सुंदर आहे. पण पिशवीत बाई कोण आहे?"

"कोणती बाई?"

"फोटो मोठा करून बघा ना."

मोठा करून पाहिला. प्रत्येक भिंगात मी होते. केस विस्कटलेले, तोंडात सुई धरलेली, डोळे बारीक केलेले. काही भिंगांत माझ्यामागं नुसतं बनियन घालून भाकरी खात बसलेले आमचे हे पण होते. साध्या कपड्याचा फोटो काढणाऱ्याला ही अडचण येत नाही. आमचं काम भिंगांचं, ते समोर येईल त्याला धरून ठेवतं.

हे हसून हसून लोळले. "आता पिशवी घेणाऱ्याला आपण दोघं फुकट," म्हणाले.

मी त्यांना अंगणात जेवायला बसवलं आणि खोक्याच्या तोंडावरही धोतराचाच पडदा शिवला. पडद्याला मधोमध एक चीर ठेवली. त्या चिरेतून फक्त मोबाइलचा डोळा आत जाई. मी बाहेर, भिंगं आत. आमची गाठ पडायची बंद झाली.

ही बातमी तांड्यात पसरली. बायका आपापल्या वस्तू घेऊन खोकं बघायला येऊ लागल्या. त्यातच शेजारची काकी आली. तिच्या काखेत तिची स्वतःची कांचळी होती, माझ्या याडीच्या कांचळीची बहीण शोभावी अशी. काकीला घरावर नवे पत्रे टाकायचे होते आणि शेठ ती न्यायला त्याच दिवशी येणार होता.

"मी त्याला व्हय म्हणून बसले गं," काकी म्हणाली. "त्यानं फोटो दाखवला. लई मळकी दिसती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. याडीच्या वेळी मी नव्हते, आता होते. कांचळी खोक्यात ठेवली, दिवे लावले, फोटो काढला आणि मोबाइल काकीच्या हातात दिला. काकीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग म्हणाली, "ही मी शिवली?"

"मग काय शेठनं?"

"आता काय करायचं? शब्द दिलाय."

"शब्द भावाचा दिला का?"

"न्हाई. भाव तो आल्यावर सांगणार."

"मग बस इथंच. तुझ्या वतीनं मी बोलते."

तेवढ्यात शेठ आलाच. खोलीत अंधार, मधे उजळलेलं खोकं, त्याच्या एका बाजूला बायका बसलेल्या. हे बघून तो दारातच थबकला.

"काय, देव बसवला का?"

"या शेठ, दर्शन घ्या," मी म्हटलं. पडदा उचलून दाखवला. आत कांचळी झगमगत होती. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण तो जुना दलाल, लगेच सावरला.

"दिव्यात सगळंच चमकतं, पोरी. भाव बोल. पन असा चारचौघींत न्हाई."

त्याला चारचौघींत बोलायचं नव्हतं, कारण त्या चारचौघींकडून त्यानं वेगवेगळ्या भावानं माल नेला होता आणि प्रत्येकीला सांगितलं होतं की सगळ्यात जास्त तुलाच दिलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. बैलबाजारात भाव असाच होतो: टॉवेलाखाली हात घालायचा, समोरच्याची जितकी बोटं उभी कराल तितका आकडा, शेकडा की हजार ते माल बघून दोघांनाही कळतं, आणि अंगठा वेगळा धरून उभा केला की तो मधल्या दलालाचा वाटा. तोंडानं कुणी काही बोलत नाही. माझा बाप बैल विकायचा, मी त्याच्याजवळ बसून हे शिकले. शेठला ते ठाऊक होतं. तांड्यातल्या सगळ्याच बायकांच्या घरात बैल होते, त्यांनाही ही बोटं कळतात, पण टॉवेलाखालचं कुणाला दिसतं?

"टॉवेल काहून शेठ?" मी म्हटलं. "घामाचा वास येऊन राहिला. हा पडदा धुतलेला आहे. घाला हात."

खोक्याच्या पलीकडच्या अंगाला बसून त्यानं पडद्याच्या चिरेतून हात आत घातला. मी दुसऱ्या हातानं, जणू उजेड डोळ्यावर येतोय असं दाखवत, माझ्या बाजूचा दिवा बंद केला आणि मग माझा हात आत घातला. आता दिवा फक्त शेठच्या बाजूनं होता. त्यामुळं आमच्या हातांची सावली माझ्या बाजूच्या कापडावर पडली, आणि बायका बसल्या होत्या त्या बाजूलाच. शेठला त्याच्या जागेवरून नुसतं पांढरं खोकं दिसत होतं.

त्यानं माझी दोन बोटं उभी केली.

"अगं बाई!" मागून एक बारीक आवाज आला. "दोनच?"

शेठला वाटलं बायका आपापसात बोलतायत. मी नकाराची मान हलवली. त्यानं तिसरं बोट अर्धं उचललं, पुन्हा खाली दाबलं. मागं कुणीतरी "हूं" केलं. मग त्यानं एकदम माझा अंगठा धरला आणि ताठ उभा केला. म्हणजे काकीला दोन बोटांवर पटव, तुझा वाटा तुला वेगळा.

मागून काकी म्हणाली, "अंगठा कुणाचा गं तो?"

शेठनं हात असा ओढला की पडद्याची चीर फाटली. काकी तोवर उठून पुढं आली होती.

"शेठ, माझ्या पिशवीला तुमी एक बोट दिलं होतं," पलीकडची एक म्हणाली.

"मला दीड!"

"अन् मला म्हनले तुलाच सगळ्यात जास्त!"

"मी... आता बघा, मालामालात फरक असतो..." शेठ माझ्याकडे वळला. "तुझ्या बापानं असा धंदा केला नसता."

"माझ्या बापानं बैल उन्हात दाखवला, शेठ. सावलीत न्हाई."

मला अजून खूप बोलायचं होतं. याडीच्या कांचळीचं सगळं मनात तयार होतं, किती दिवस घोकून ठेवलेलं. पण काकीनं मला कोपरानं बाजूला सारलं, स्वतःचा हात खोक्यात घातला आणि शेठकडे पाहिलं. सगळ्या बायका बघत होत्या, तेव्हा त्याला हात घालावाच लागला. काकीनं त्याची पाची बोटं उभी केली. सावली कापडावर पंजासारखी उमटली. तो एकेक बोट दुमडायला बघायचा, काकी पुन्हा उभं करायची. शेवटी चार बोटांवर आला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"चार," काकी मोठ्यानं म्हणाली. "पन देनार न्हाई. पुण्याच्या बाईला आधी इचारीन. तिनं चारपेक्षा कमी म्हटलं तर तुमाला बोलावते."

शेठ टॉवेल झटकून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

मी म्हटलं, "काकी, आता पुण्याच्या बाईशी मी बोलते. माझे फोटो, माझं खोकं, माझी ओळख. माझा वाटा..."

"व्हय व्हय, तुझा वाटा," काकी म्हणाली. "घाल हात."

मी घातला. मला वाटलं, एवढं केलंय, आभार मानून दोन बोटं तरी देईल. तिनं माझं एक बोट उभं केलं. मग ते मधल्या पेरात वाकवलं. म्हणजे अर्धं. मी सरळ करायला गेले तर तिनं ते असं दाबून धरलं की डोळ्यांत पाणी आलं. कापडावर माझं वाकडं बोट सगळ्यांना दिसत होतं, आणि बायका पोट धरून हसत होत्या.

"काकी, हे बराबर न्हाई."

"मग शेठकडे जा. त्यानं अख्खा अंगठा दिला होता."

बोट सोडेना. मी व्हय म्हटलं तेव्हाच सोडलं.