अण्णांची साखर आणि द्वारपालाची चूक

ऑफिसात त्याला सगळे द्वारपाल म्हणत. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक लुटुपुटूचे कॉम्प्युटर नांदवायचे आणि मेमरीच्या कुठल्या तुकड्यावर कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं, हे ठरवणारा कोड सांभाळायचा, हे त्याचं काम.

सध्या मात्र द्वारपालाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लिहायची परवानगी काढून घेतलेल्या तुकड्यावर एखादा लुटुपुटूचा कॉम्प्युटर खुशाल लिहून जायचा. तेही कधीतरीच. परवानग्यांचा तक्ता पाहावा, तर तिथे स्पष्ट ‘फक्त वाचा’. साहेबांनी बजावलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत सुटलं नाही, तर तुझा सगळा कोड नव्या आवृत्तीतून बाहेर." म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात.

दुपारी तो घरूनच काम करत होता, म्हणजे स्क्रीनकडे बघून डोकं खाजवत होता. तेवढ्यात त्याचे वडील, अण्णा, "पाय मोकळे करून येतो," म्हणत सटकले. डॉक्टरांनी अण्णांची साखर बंद केल्यापासून द्वारपालाच्या बायकोने साखरेचा डबा उंच फळीवर नेला होता, फ्रिजवर सूचना चिकटवली होती. तरी अण्णांची शुगर काही उतरत नव्हती. द्वारपालही डोकं थंड करायला मागोमाग उतरला. पाहतो तर कोपऱ्यावरच्या टपरीपाशी अण्णा डोळे मिटून चहा पीत होते.

"यात साखर किती?" त्याने चहावाल्याला विचारलं.

"नेहमीचीच. तीन चमचे."

"अहो, त्यांची साखर बंद झालीय!"

"मला कुठे कोण बोललं? मी आपला सवयीने देतो."

द्वारपाल जागच्या जागी थबकला. मग अण्णांना तिथेच सोडून धापा टाकत वर पळाला.

प्रोसेसर काही दर वेळी तक्ता उघडत नाही. नुकत्याच पाहिलेल्या परवानग्या तो ध्यानात ठेवतो. तक्ता बदलला की ‘जुनं विसर’ असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. कोडात ते एका वाटेवर सांगितलं होतं, दुसरीवर राहून गेलं होतं. एका ओळीचं काम! आणि हा शहाणा इतके दिवस तक्ताच उलटापालटा करत बसला होता.

संध्याकाळी साहेबांचा होकार आला. द्वारपालाला आभाळ ठेंगणं झालं. जेवताना बायकोने सहज विचारलं, "सापडलं तरी कसं?" आणि आनंदाच्या भरात या भल्या माणसाने टपरीसकट सगळं सांगून टाकलं. अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा पाहून द्वारपालाला फार वाईट वाटलं, पण बाण सुटला होता.

दुसऱ्या दिवशी तोच अण्णांची समजूत काढायला त्यांना टपरीवर घेऊन गेला. चहावाल्याने दोन ग्लास ठेवले. एक घोट घेताच द्वारपालाचं तोंड वाकडं झालं.

"माझ्यात का नाही साखर?"

"वहिनी सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, दोघांचीही बंद."

अण्णांनी आशेने पुढच्या चौकातल्या टपरीकडे पाहिलं.

"तिथेही सांगितलंय त्यांनी," चहावाला म्हणाला.