विहीणबाईंच्या बांधणीला आलेल्या कळ्या

आमच्या घरात शास्त्रज्ञ एकच, ती म्हणजे सून. मी शास्त्रज्ञाचा सासरा. नोकरीत मिळालेल्या कुठल्याही पदापेक्षा मला हे पद मोठं वाटतं, आणि त्याला शोभेल असं काहीतरी करून दाखवण्याच्या खटाटोपात मी यंदाच्या उन्हाळ्यात जे दिवे लावले, त्याची ही हकीकत.

सून गुजराती, इथल्याच बडोद्याच्या वाडी भागातली. लग्नानंतर तिने मराठी इतकी झटपट उचलली की आता आमची ही मला जे बोलते त्यातलं निम्मं तिला कळतं. हे माझ्या दृष्टीने फारसं बरं झालेलं नाही. वनस्पतिशास्त्रात ती पीएच.डी. करते. तिचं काम असं. पूर्वीपासून लोक रानात हिंडून झाडाच्या फांद्या आणतात, रद्दीत दाबून वाळवतात, जाड कागदावर बसवतात आणि कोपऱ्यात लिहून ठेवतात, कुठे मिळाली, कोणत्या तारखेला. असे कागद कपाटंच्या कपाटं भरून पडलेत. एखाद्या कागदावरच्या बहाव्याला कळी आहे, फूल आहे की शेंग, हे बघितलं आणि खालची तारीख वाचली, की त्या साली बहावा केव्हा फुलला ते कळतं. जुने आणि नवे कागद शेजारी ठेवले की फुलण्याची वेळ सरकली का, तेही कळतं. फक्त कागद इतके, की बघता बघता माणसालाच शेंगा येतील. म्हणून हे बघण्याचं काम मशीनला शिकवायचं.

शिकवायचं म्हणजे बाळाला चिऊ-काऊ दाखवतात तसं. कॉम्प्युटरवर कागदाचा फोटो उघडायचा. कळीभोवती हिरवी चौकट काढायची, फुलाभोवती पिवळी, फळाभोवती लाल. अशा शेकडो फोटोंवर चौकटी काढून दाखवल्या, की पुढचे फोटो मशीन आपलं आपण ओळखायला लागतं.

चौकटी काढायचं काम मी मागून घेतलं. मागून म्हणजे हिसकावून. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात मी आयुष्यभर क्वालिटी तपासली होती. सुनेला म्हटलं, “पोरी, बारीक नजर हवी ना? मग बाहेर कशाला शोधतेस?”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “बारीक नजर? काल यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडलाय.”

सुनेने मला दोन संध्याकाळी शिकवलं. शिकायला दिलेले कागद अलीकडचे होते, फांद्या कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेल्या. “शंका आली तर विचारा हं पप्पा,” ती म्हणाली. मी हसलो. शंका घेणं हा माझा धंदा होता, विचारणं नव्हे.

मग जुने कागद आले. त्यांच्यावर सगळंच चहाच्या रंगाचं. पानं तपकिरी, देठ तपकिरी, कागदही तपकिरी. पण बारीक पाहिल्यावर मला देठाच्या कडेला छोटे गोल उंचवटे दिसायला लागले. कळ्या! इतक्या लहान, की सुनेच्या तरुण डोळ्यांतूनही सुटल्या असत्या. काढली हिरवी चौकट. पुढच्या कागदावर पुन्हा तसेच उंचवटे, देठाला धरून ओळीने, सारख्या अंतरावर. इतक्या शिस्तीत बसलेल्या कळ्या मी झाडावर कधी पाहिल्या नव्हत्या, पण जुन्या काळी एकूणच शिस्त होती, असं म्हणून मी पुढे गेलो. असे दोन महिने गेले. जेवताना सून विचारायची, “कसं चाललंय पप्पा?” मी म्हणायचो, “एकही सुटत नाही.”

एका शुक्रवारी सून लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. सोमवारी तिला तिच्या मॅडमसमोर आणि बाहेरून येणाऱ्या एका प्रोफेसरांसमोर हे मशीन दाखवायचं होतं. पसंत पडलं तर सगळी कपाटं तिच्यासाठी उघडणार होती. नाही पडलं तर वर्षभराचं काम बासनात, आणि सूनबाई भिंग घेऊन एकेक कागद स्वतः बघायला मोकळ्या.

“पप्पा, बहावा डिसेंबरमध्ये कळ्या देतो?”

“का?”

“मशीन म्हणतंय. आणि पळस भर पावसाळ्यात. सगळीच झाडं बारा महिने कळ्यांनी लगडलेली आहेत.”

“हवामान बिघडलंय, पोरी,” मी गंभीरपणे म्हणालो.

“पण हे कागद जुने आहेत. तेव्हा कुठे बिघडलं होतं?”

“सुरुवात झाली असेल.”

त्या रात्री ती अर्धी पोळी ठेवून उठली. आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलेलं नव्हतं तरी मला अपराधी वाटलं. लग्न जुनं झालं की तशी सवय होते.

शनिवारी तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, स्कूटरला आंब्यांची पिशवी लटकावून हजर. लेकीचा फोनवरचा आवाज ऐकून त्या तडक निघाल्या होत्या. आल्या त्या कुणाच्या तरी वास्तूच्या पूजेहून, त्यामुळे अंगावर लालभडक बांधणीची साडी, तिच्यावर पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची दाटी. मी त्यांना वेवाण म्हणतो, त्या मला वेवाई, आणि आमची एकमेकांची थट्टा दोन्ही भाषांत चालते.

रस-पुरीचं जेवण झालं तरी सून गप्पच. वातावरण हलकं करावं म्हणून मी तिचा फोन उचलला. मशीन त्यातही होतं. कॅमेरा धरला की पडद्यावर चौकटी उमटत. “बघा वेवाण, तुमच्या लेकीने काय बनवलंय,” म्हणत मी कॅमेरा सहज फिरवला, आणि विहीणबाई नेमक्या त्याच वेळी पाण्याचा तांब्या घेऊन समोर आल्या.

पडदा हिरवागार झाला. खांद्यापासून निऱ्यांपर्यंत चौकटीच चौकटी. प्रत्येकीवर लिहिलेलं, कळी, कळी, कळी.

“वेवाण, हलू नका!” मी ओरडलो.

“हाय हाय, गरोळी छे?” पाल असणार अशी खात्री होऊन त्या तांब्यासकट खुर्चीवर चढल्या.

“पाल नाही हो. तुम्हाला कळ्या आल्यात.”

त्यांनी वरूनच वाकून पडदा पाहिला आणि हसायला लागल्या ते तांब्यातलं पाणी माझ्या डोक्यावर सांडेपर्यंत. “लो! साठ वरसे कळीओ आवी!”

आमची ही म्हणाली, “तुमचं नशीब. इकडे बघा, नुसतं खोड.”

सून मात्र हसली नाही. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि माझ्यावर रोखला. माझ्या शर्टाच्या बटणांवर वरून खाली हिरव्या चौकटींची रांग उमटली.

“मशीनला हे गोल ठिपके कुणी शिकवले?” ती स्वतःशीच म्हणाली आणि लॅपटॉपकडे धावली. माझा एक जुना कागद उघडून ती तो मोठा करत गेली, करत गेली. शेवटी माझी एक लाडकी कळी पडदाभर झाली. तिला दोन शेपट्या होत्या. दोऱ्याच्या.

“पप्पा, जुन्या काळी फांदी कागदाला सुईदोऱ्याने शिवत. ही गाठ आहे.”

मग आमची ही म्हणाली, “म्हणजे दोन महिने तुम्ही गाठींना कळ्या म्हणत होतात?”

“एकही सोडली नाही,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मला वाटलं सून आता रडणार. ती खुर्चीत बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बोटांच्या फटीतून हसू फुटलं. “म्हणजे बहावा शहाणाच आहे! मी उगाच त्याला वेडा समजत होते. वेडे तर...” पुढचं वाक्य तिने संस्कारांनी गिळलं.

पण सोमवार काही पुढे सरकणार नव्हता. प्रत्येक जुना कागद पुन्हा उघडून माझ्या चौकटी पुसायच्या होत्या. विहीणबाई मुक्कामालाच राहिल्या. रविवारी सकाळपासून एका लॅपटॉपवर त्या आणि आमची ही, दुसऱ्यावर सून. मला माउसला हात लावायची बंदी. माझ्याकडे आंबे माचवून रस काढण्याचं खातं देण्यात आलं.

“आ गांठ. आ पण गांठ.”

“थांबा, ती कळी आहे. देठ बघा ना तिचा.”

“हा, साची वात. अने आ?”

“गाठ. शिवणारा डावरा असणार, टाका उलटा पडलाय.”

विहीणबाई मधूनच मान वर करून म्हणत, “वेवाई, आ एक तो सुतळी छे! सुतळीलाही कळी?” मी निमूटपणे कोय चोखत बसे. दुपारनंतर दोघी इतक्या रंगल्या की संध्याकाळी कागद संपले तेव्हा दोघींनाही वाईट वाटलं. सुनेने मशीनला पुन्हा शिकायला बसवलं आणि आम्ही झोपलो.

सोमवारी सकाळी मी खंडेराव मार्केटला जाऊन मोगऱ्याचे तीन गजरे आणले. एकाच गजऱ्याने प्रायश्चित्त झालं असतं, पण त्याचं वेगळं प्रायश्चित्त घरी घ्यावं लागलं असतं. माझ्या आग्रहावरून विहीणबाई तीच बांधणी नेसल्या आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या.

पडद्यावर काही नाही. एकही चौकट नाही. माझ्या बटणांवरही नाही.

“वाह रे!” विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “शनिवारी बहार, ने सोमवारी पानखर? हवे तो मशीनने पण हुं घरडी लागी.”

मशीनलाही आपण म्हाताऱ्या वाटलो, असं म्हणून त्या चहाकडे वळल्या आणि सून किंचाळली. त्यांच्या अंबाड्यावर हिरव्या चौकटी उमटल्या होत्या. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्यांवर हिरव्या, एका उमललेल्या फुलावर पिवळी. गजऱ्याचा दोरा, त्याच्या गाठी, सगळं मशीनने सोडून दिलं होतं.

“झालं! पास!” मी टाळी वाजवली.

“पप्पा, ही काही परीक्षा नाही,” सून म्हणाली, पण तिला हसू आवरत नव्हतं. “ते वाळलेल्या कागदांवर शिकलंय, मोगरा नशिबाने जमला. मी स्वतः तपासून बाजूला ठेवलेले कागद होते ना, ते त्याला आज पहाटे दाखवले.”

“मग?”

“बहावा उन्हाळ्यात कळ्या देतो.”

ही बातमी आम्ही अशा आनंदाने ऐकली, जणू बडोद्यात कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

दुपारी ती परत आली ती जिन्यावरूनच हाका मारत. बाहेरच्या प्रोफेसरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता: मशीन कळीच बघतंय, शेजारचं भलतंच काही नाही, हे कशावरून? सुनेने उत्तरादाखल फोनमध्ये टिपून ठेवलेली बांधणी पडद्यावर लावली, आधी शनिवारची, मग सोमवारची. प्रोफेसर इतके हसले की मॅडमनाही हसावं लागलं. आता यापुढे मशीनला काही नवं शिकवलं की आधी ही साडी दाखवायची, असं ठरलं. सगळी कपाटं उघडली.

“आणि बहावा? लवकर फुलायला लागलाय का?” मी विचारलं.

“थोडासा, असं वाटतंय. पण बाकीची कपाटं बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.”

मग तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, कारखान्यासारखं इथेही निरोपाचं भाषण होणार.

“पुढचं कपाट, पप्पा. फक्त या वेळी शंका आली तर विचारायचं.”

मी चष्मा शोधला. तो या वेळी डोळ्यांवरच होता. पहिला कागद उघडला. देठाच्या टोकाला काहीतरी गोल होतं.

“अगं, हे काय आहे?”

“कळी आहे, पप्पा.”

“नक्की? दोरा नाही ना कुठे?”

“नाही.”

मी आमच्या हिलाही बोलावून घेतलं. एव्हाना आपल्या घरी पोचलेल्या विहीणबाईंना फोटो पाठवला. तिघींचं एकमत झाल्यावर मी श्वास रोखून हिरवी चौकट काढली.