पुराच्या रेषेवरचा पासवर्ड

७ जून २००९. ऑफिसच्या नोंदी सुरक्षित ठेवण्याच्या कामाची रक्कम पाच हजार रुपये. हजर तिघे: महाडात ट्रान्सपोर्टचं ऑफिस असलेले माझे भावोजी, त्यांचा पुण्याहून आलेला इंजिनिअर पुतण्या, आणि भावोजींचे हिशेब पाहणारा मी.

सावित्री नदीने पुरात ऑफिसातला संगणक एकदा बुडवला होता. गाड्यांचं बुकिंग, पार्ट्यांचे दर, सगळं त्याच्याबरोबर गेलं. म्हणून पुतण्याने नवा डेटाबेस सिंगापूरच्या एका भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या संगणकावर ठेवला. हे मशीन कोणाला दाखवता येत नाही, भाडं मात्र दरमहा हजार रुपये. सिंगापुरात सावित्री नाही, एवढं भावोजींना पुरेसं होतं.

सुरक्षेत त्याने कसूर केली नाही. फक्त आमच्या ऑफिसच्या इंटरनेट पत्त्यावरूनच दार उघडेल अशी सोय केली. लाईट गेली की हा पत्ता बदलायचा, दार आम्हालाच बंद व्हायचं, आणि महाडात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. भावोजींच्या चौथ्या फोननंतर त्याने दार साऱ्या जगाला उघडं केलं, वर सोळा अक्षरांचा पासवर्ड लावला, आणि तो कागदावर लिहू नका म्हणून बजावलं.

भावोजींनी कागदावर लिहिला नाही. आमच्याकडे जपायची गोष्ट पुराच्या रेषेच्या वर, भिंतीवर, ऑइलपेंटने लिहितात. ऑफिसात कशेडी घाटातल्या क्रेनवाल्याच्या नंबराखाली पेंटरने मशीनचा पत्ता, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड हिरव्या अक्षरांत सुबक काढला. एक अक्षर चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं.

त्या भिंतीखाली पोलादपूरचा एक ट्रान्सपोर्टवाला रोज चहाला बसे. भावोजींचा वर्गमित्र, धंद्यात प्रतिस्पर्धी. ऑक्टोबरात एका कारखान्याच्या वर्षभराच्या वाहतुकीचे दर बंद पाकिटात भरायचे होते. भावोजींच्या दोन ट्रकांचे हप्ते त्याच कामावर फिटायचे. भरायचे दर त्यांनी शिस्तीत डेटाबेसमध्ये टाकून ठेवले. पाकिटं उघडली तेव्हा मित्राचा दर प्रत्येक मार्गावर टनामागे बरोबर दहा रुपयांनी कमी निघाला. काम गेलं.

पुतण्याने मशीनवरच्या नोंदी तपासल्या. दर भरण्याआधीच्या रविवारी दुपारी कोणीतरी पहिल्याच फटक्यात अचूक पासवर्ड देऊन आत आलं होतं. रविवारी आमच्या ऑफिसला कुलूप असतं. मित्राची मुलगी संगणकाचे क्लास चालवते, हा अर्थात योगायोग.

पुतण्याने पासवर्ड बदलला, दार पुन्हा आवळलं. भावोजींनी पेंटरला बोलावून भिंत रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी मित्र नेमाने चहाला आला आणि वर बघत म्हणाला, "पुसलंस कशाला रे? कुणाला नडत होतं काय?"

"तुला तर नायच नडलं," भावोजी म्हणाले, आणि त्याचाही चहा सांगितला.

डिसेंबरात एक ट्रक विकावा लागला. तो मित्रानेच घेतला, भाव न पाडता.

या सुरक्षेपायी शेवटचं देणं गेलं पेंटरला: भिंत पुसण्याचे दीडशे रुपये. लिहिण्याचे त्याने शंभरच घेतले होते. पुसायला रंग जास्त लागतो, म्हणाला.