नवा सायलेन्सर, जुना आवाज

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आलोय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसायचो. मी पंप दुरुस्त करणारा माणूस... यंत्र बंद पडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय, कारण आता मनात ठेवायचाही थकवा आलाय.

साल २००३. आम्ही नाशिकला पेठ रोडवर, नाक्याच्या थोडं पुढे राहायचो. घरात मी, बायको सुनंदा आणि वडील – आप्पा. जन्मभर मेथी-कोथिंबीर पिकवून मार्केटला नेणारा माणूस, अर्धांगवायू होऊन खाटेवर पडला होता. दिवसा सुनंदा त्यांचं करायची, रात्री मी. आम्ही दोघं एवढे दमलेले असायचो की आपसातलं बोलणं म्हणजे गोळी दिली का, कूस बदलली का... बस्स.

माझी कामं पेठ, हरसूलकडची. चिखलातून, ओढ्यातून जावं लागायचं म्हणून जुनी फोर-व्हील जीप घेतली होती. दगडांवर आपटून आपटून तिचा सायलेन्सर फाटला होता. जीप नाक्यावर असतानाच तो फाटका आवाज ऐकून आप्पा खाटेवरून म्हणायचे, "सुनंदा, आला गं तो. चहा ठेव." दिवसभरात त्यांना वाट बघायला तेवढंच होतं.

पण पुढे धूर गाडीत यायला लागला. घाटात डोकं जड व्हायचं. गॅरेजवाले रफिकभाई खाली वाकून म्हणाले, "भाऊ, ये पाईप पूरा सड गया. वेल्डिंग किती मारणार? एक दिन चलाते चलाते सो जाओगे."

शेवटी सगळंच बदललं. इंजिनपासून नवा जाड पाईप, मोठा सायलेन्सर, आणि पाईपचं टोक काचेच्या बाजूने टपापर्यंत वर नेलं – ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून. जुना सायलेन्सर माझ्यासमोर भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला.

जीप इतकी शांत झाली की त्या दिवशी मी थेट खाटेपाशी येऊन उभा राहिलो तेव्हा आप्पा दचकले. "आता मला कसं कळायचं रं, तू आला ते?"

"हॉर्न वाजवत येत जाईन," मी म्हटलं.

ऑगस्ट संपत आला होता. सकाळी आप्पांना ताप होता. निघताना म्हणाले, "लवकर ये, तुला काही सांगायचंय." मी म्हटलं, दुपारपर्यंत येतो.

पेठच्या पुढच्या एका वस्तीवरून परत निघालो तर ओढा भरून वाहत होता. काठावरचा एक शेतकरी ओरडला, "नका घालू भाऊ, पानी लय हाय!" पाईप वर नेला म्हणून जीप वाहून जायची थोडीच थांबते... सीटवर मान टाकून बसून राहिलो. झोप नाही, जाग नाही. नुसता घराचा विचार.

पाणी उतरल्यावर निघालो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात चपलाच चपला. आप्पा गेले होते.

सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्ही पुन्हा कुठे निघून गेलात?"

"पुन्हा? मी आत्ता येतोय."

तिने मला बाजूला नेलं. दुपारी जीप आली, म्हणाली. तोच जुना, फाटका आवाज. इतकी वर्षं ऐकलेला, त्यामुळे त्या क्षणी तिला काही वावगं वाटलं नाही. आप्पा खोलीतून म्हणाले, "आला गं." तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "चहा ठेवू का?" आणि माझ्या आवाजात उत्तर आलं, "ठेव." मग आत हळू हळू बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, पण आप्पा हसले – कित्येक महिन्यांनी. चहा घेऊन ती आत गेली तर आप्पा शांत पडलेले, श्वास नव्हता. खुर्ची खाटेला लावलेली. मी नाही, बाहेर जीप नाही. तिला वाटलं, डॉक्टरला आणायला गेलो.

शेजारच्या काकूही म्हणाल्या, "दुपारी वाजली की तुमची गाडी."

मी सगळं करून बघितलं. तशा आवाजाची दुसरी जीप कुणाकडे आहे का, विचारत फिरलो. रफिकभाईंना विचारलं, ते म्हणाले, तो पत्रा कधीच वितळला असेल. सुनंदाला थकव्याने भास झाला, खुर्ची तिनेच कधीतरी ओढली, असंही स्वतःला समजावलं. पण मग काकूंचं काय? आणि "ठेव" कोण म्हणालं?

दहाव्याला नातेवाईक म्हणत होते, आप्पा नशीबवान, शेवटच्या घडीला पोरगा जवळ होता. मी पाण्याचे पेले भरत राहिलो.

भीती तर कधी वाटलीच नाही... वाटतो तो हेवा. आप्पांना मला जे सांगायचं होतं, ते त्यांनी सांगून टाकलं. कुणीतरी ते ऐकलं. फक्त तो मी नव्हतो.