टॉवेलचा हत्ती

"हा टॉवेलचा हत्ती आमी मांगतला होता काय?" मामा बोटीच्या काउंटरवर असा ओरडला की अरबी समुद्र घाबरून मागे सरकला. संत्र्याचा बहार चांगला विकला गेला म्हणून त्यानं मामीला आणि मला मुंबईहून क्रूझवर नेलं होतं, आणि उतरायच्या सकाळी बिलात सर्व्हिस चार्ज निघाला. पहिल्याच संध्याकाळी खोली आवरणाऱ्यानं टॉवेलचा हत्ती करून पलंगावर बसवला होता, वर मामीचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर. मामी हरखून त्याच्यासमोरच बसली. मामाला मात्र त्या हत्तीत बिलाचा वास आला. त्यानं तो झटकला, त्याच टॉवेलानं पाय पुसले आणि आवरणाऱ्याला बजावलं, "उद्यापासून काई बनवू नको, बाबू!" मग बाकी खोल्यांत हंस, माकडं, अख्खं जंगल नांदलं, मामी जाता-येता दारांतून डोकावायची. "काका, हत्ती फुकटच असतो," काउंटरवरची मुलगी थकून म्हणाली. "ही टिप आहे, सगळ्यांनाच लागते." पैसे भरले. नागपूरला गाडी बदलून आमचं पांढुर्णा येईपर्यंत मामी गप्प, आणि मामा त्या चार्जला शिव्या देऊन देऊन घोगरा. स्टेशनवर उतरलो तेव्हा आम्ही सामान ओढत होतो की सामान आम्हाला, देव जाणे. आजही दोरीवरचा टॉवेल काढताना मला तो फलाट आठवतो. "आता बोल तं खरं, काय पायजे होतं तुले?" मामानं विचारलं. मामी पिशवी उचलत म्हणाली, "हत्ती होता. तुमी पाय पुसले त्याच्यानं."