स्वर्गात कामं वाटणारे आमचे पाळकसाहेब

रेव्हरंड शांतवन इंगळे यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी आमच्या चर्चच्या मंडळीनं मला विषय दिला, 'साहेबांची स्वर्गाविषयीची शिकवण'. चांगलीच पंचाईत केली! इतकी वर्षं मंडळीचा सचिव राहूनही ती मला धड कळलेली नाही.

साहेबांना मी प्रथम पाहिलं ते मोताळ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत. नांदुऱ्याच्या शाळेत मी तेव्हा नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. दाऊदकाका शिंपी वारले होते, घरचे रडत होते, आणि साहेब शांतपणे म्हणाले, "काका तिथं रिकामे बसणार नाहीत. देवानं त्यांना मापं घ्यायला बोलावलं आहे." रडणारी माणसं थांबली. मी मात्र चक्रावलो. तिथं शुभ्र वस्त्रं आयती मिळतात, असं लहानपणीच्या रविवारच्या शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो होतो. मग शिंप्याचं काय काम?

पुढे कळलं, हा साहेबांचा रिवाजच आहे. जो जाईल त्याला ते तिथं एखादं काम नेमून देतात. मंडळीला याची इतकी सवय झाली, की जिवंत माणसंच आधी वशिला लावू लागली. एस्तेरआजींनी तर उपासनेनंतर भर मंडळीत बजावलं, "साहेब, मले तिथं भाकरी थापाले लावजा नोका. जलमभर थापल्या." साहेबांनी ते लक्षात ठेवलं. आजी गेल्या तेव्हा ते म्हणाले, "आजी पंगतीत बसल्या आहेत, वाढणारे दुसरे आहेत."

मी एकदा चिडून म्हणालो, "साहेब, शास्त्रात विसावा लिहिलाय, तुम्ही कामाला जुंपता!"

"असंन बाप्पा," ते हसले. "पण मास्तर, तुमाले चार दिवस रिकामं बसवलं तं तुमी भांडण काढसान."

आता माझ्या आईविषयी. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, मी घेतला, तिनं घेतला नाही. तिची तुळस होती, उपवास होते. नाताळच्या प्रीतिभोजनाचं वरण मात्र तिच्याच हातचं. साहेब घरी आले की ती विचारी, "काऊन हो साहेब, तुमच्या देवाले माह्या तुळशीचा राग येते काय?"

"मले तं तसं काई बोलला नाही, माय."

"तं मंग बसा, चहा घ्या."

गेल्या वर्षी आई गेली. भाऊबंदांनी तिच्या रीतीनं अग्नी दिला. साहेब पाळकाचा झगा न घालता, साध्या शर्टात, गर्दीच्या मागे उभे होते. सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं. "साहेब, माय तिथं असंन ना?" खरं सांगतो, तिला कोणतं काम देतील, तेच ऐकायला माझे कान आसुसले होते.

साहेब म्हणाले, "मास्तर, मले माईत नाही."

माझं डोकंच फिरलं. "शिंप्याचं माहीत, एस्तेरआजीचं माहीत, आणि माझ्या आईच्या वेळीच माहीत नाही?" असं मी मोठ्यानं ओरडलो. साहेबांनी माझा हात धरला. त्यांचेही डोळे वाहत होते.

त्या रविवारी प्रार्थनेत त्यांनी आईचं नाव घेतलं. "प्रभू, सरूमायले आत घे. घेत नसशीन, तं काऊन नाही, थे मले सांग." मंडळीत कुजबुज झाली. गेलेल्यांसाठी अशी प्रार्थना आपल्या शिकवणीत बसत नाही, असा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी आक्षेप घेतला आणि सचिव म्हणून तो बैठकीत मलाच मांडावा लागला! साहेब म्हणाले, "बसत नाही, बरोबर आहे." पुढच्या रविवारी पुन्हा तेच नाव. आजतागायत चालू आहे. ही श्रद्धा म्हणायची की देवाशी हुज्जत, मला ठरवता येत नाही. स्वर्ग कसा आहे, तेही ठाऊक नाही. संपादकांनी क्षमा करावी.

साहेब, मला आता तुमच्याकडून उत्तर नको. तुम्ही फक्त विचारणं सोडू नका, कारण माझ्या आईसाठी त्या दारी भांडणारं दुसरं कोणी नाही. प्रभू तुमचे गुडघे शाबूत ठेवो, आवाज खणखणीत ठेवो, उदंड वर्षं देवो. आईचा निकाल लागेपर्यंत तरी तिकडे जायची घाई करू नका.