बोरिवलीतून दिसणारे बाबा

बाबा न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा मी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले. माझ्याकडे बोरिवलीला राहायला यायचं, नाहीतर मुलुंडच्या घरात कॅमेरा बसवायचा, म्हणजे मला इथून लक्ष ठेवता येईल. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच असतात. बाबा एरवी चारचौघांसारखं मुंबईचं मराठी बोलतात. मालवणीवर आले, की विषय संपला असं समजायचं. "माका खयच जावचा नाय," ते म्हणाले. म्हणजे कॅमेरा.

मी नोकरीत लोकांच्या ऑफिसांची नेटवर्कं चालू ठेवते, त्यामुळे हे काम चहा उकळेपर्यंत आटपेल असं मला वाटलं. कॅमेरा टीव्हीच्या कपाटावर ठेवला, राउटरला जोडला, फोनवर चित्र आलं. बाबांनी कौतुकाने मान हलवली. मी जिना उतरून रस्त्यावर आले, घरचं वायफाय सुटलं आणि चित्र गेलं. थोडक्यात, बाबा समोर बसलेले असताना ते मला फोनवरही दिसणार होते. एवढीच प्रगती.

राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. आतला माणूस बाहेर निघाला तर हा मान वर करून बघत नाही, पण बाहेरून आलेल्याला कुणाकडे जायचंय ते कळल्याशिवाय सोडत नाही. म्हणून मी राउटरला सांगून ठेवलं, की या नंबरवर कुणी आलं तर थेट कॅमेऱ्याकडे पाठव. त्याने काही पाठवलं नाही. सेटिंग तीनदा तपासून, राउटरला दोन शिव्या घालून मी इंटरनेटवाल्याला फोन केला.

"मॅडम, तुम्हाला बाहेरचा ॲड्रेसच नाहीये ना," तो म्हणाला. "अख्ख्या गल्लीला मिळून एकच दिलाय."

"मग मला वेगळा द्या."

"होईल ना, मॅडम."

'होईल ना' ऐकल्यावर मी त्याचा नाद सोडला. बाहेरून आत जाता येत नसेल तर आतून बाहेर यावं, असं ठरवलं. एक जुना छोटा कॉम्प्युटर राउटरशेजारी ठेवला. त्याने आतून बाहेरच्या एका सर्व्हरला जोडून राहायचं आणि माझ्या फोननेही त्याच सर्व्हरला जोडायचं. दोघांची गाठ बाहेरच्या बाहेर, मधला रस्ता इतरांसाठी कुलूपबंद, वॉचमनची हरकत नाही. मी पुन्हा खाली उतरले, रिक्षा स्टँडपाशी जाऊन फोन उघडला. बाबा दिसले, बनियनवर, खुर्चीत, पाठ खाजवत. मला इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात फोनकडे बघून हात हलवला. त्यांना मी दिसत नाही हे जरा उशिराने लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा इस्त्रीच्या शर्टात दिसायला लागले. फोनवरचं ॲप कधीही उघडा, बाबा खुर्चीत ताठ, केस विंचरलेले. मला वाटलं, हे आमच्या घरातलं वळण. पाहुणा बसलेला असताना बनियनवर यायचं नाही, त्याच्यासमोर आडवं व्हायचं नाही. बाबांनी कॅमेऱ्यालाच पाहुणा करून टाकलं होतं, असं म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना हसवलं. शिवाय ते इतके टवटवीत दिसत होते, की मला स्वतःच्या कामाचा अभिमानच वाटत होता.

एका दुपारी जेवून जागेवर येते तोच त्यांचा फोन आला.

"गो, तुझा बघून झाला असात तर जरा आडवो होऊ काय?"

सकाळपासून मी ते ॲप उघडलंसुद्धा नव्हतं. "झालं बाबा, पडा," असं म्हणाले आणि फोन ठेवून ॲप उघडलं. बाबा खुर्चीचे हात धरून हळूहळू उठले, एक हात कमरेवर ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग भिंतीला धरत पलंगाकडे गेले. एवढे थकलेले बाबा मला कॅमेऱ्यात आजवर दिसलेच नव्हते.

रविवारी मुलुंडला गेले. बाबा शर्टातच होते.

"बाबा, तो काय पाहुणा आहे का? बनियनवर बसा, लोळा, तुमचं घर आहे."

"पाहुणो कसलो?" बाबा म्हणाले. "दुपारी पडलेला दिसलो, की तू म्हणणार बाबा थकले. मग एक दिवस टॅक्सी घेऊन येणार आणि बोरिवली."

एवढं बोलून त्यांचाच धीर सुटला असावा. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"बरो दिसतंय मां गो थयसून, बोरिवलीसून?"

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी उठून कॅमेरा हातात घेतला आणि त्याचं तोंड न्हाणीघराच्या दाराकडे वळवलं.

"आता मला फक्त ते दार दिसेल," मी म्हणाले. "तुम्ही आत गेलात आणि बाहेर आलात, एवढंच. कुठे नेत नाही तुम्हाला. शर्ट काढा आणि झोपा."

बाबांनी खुर्चीतूनच हात हलवून दिसतोय का ते बघायला सांगितलं. मी फोन बघितला आणि सांगितलं, दिसत नाही. मगच त्यांनी वरचं बटण सोडलं.